हायब्रिड चार दिवस उभी राहिली की ‘रेडी’च होत नाही? मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी हे बघा

लक्षण असं असतं. गाडी पाच-सहा दिवस जागेवर उभी असते. आपण सामान घेऊन येतो, दाराच्या मुठीला हात लावतो आणि दार उघडतच नाही. चावीचं बटण दाबावं तर आरसे हलत नाहीत, दिवे लुकलुकत नाहीत. याहून फसवा प्रकार म्हणजे दार उघडतं, ब्रेक दाबून पॉवरचं बटण दाबलं की डॅशबोर्डवर दिवाळी सुरू होते. एबीएस, स्टिअरिंग, ब्रेक, हायब्रिड सिस्टिम तपासा, सगळे दिवे एकदम. आतून रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची, टक-टक-टक ऐकू येते आणि ‘रेडी’, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याची खूण, काही केल्या लागत नाही. कुणाकडून तरी जम्प (केबल लावून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची उसनी वीज) घेतली की गाडी सुरू होते, दोन-तीन आठवडे गुण्यागोविंदानं चालते, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या गाडीला हे दहा महिन्यांत तीनदा झालं. पहिल्यांदा दिवाळीत, आम्ही नऊ दिवस बाहेरगावी होतो आणि गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत. त्या वेळी बारा व्होल्टची नवी छोटी बॅटरी घातली आणि विषय संपला असं समजलो. तिसऱ्यांदा गणपतीत, कुडाळजवळ आमच्या गावी, ऐन विसर्जनाच्या संध्याकाळी. बॅटरी तेव्हा सात महिन्यांची होती. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की बॅटरी बदलणं हा यावर इलाजच नव्हता.

आधी एक खुलासा. हे सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे, म्हणजे जी गाडी काही अंतर नुसत्या मोटरवर पळते तिच्याबद्दल. माइल्ड हायब्रिडचं इंजिन नेहमीच्याच पद्धतीनं सुरू होतं, तिचं गणित थोडं वेगळं. आपल्याकडे २०२२ मध्ये सिटी ई:एचईव्ही, ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस अशा स्ट्राँग हायब्रिड वर्षभरात एकामागोमाग आल्या. त्या पहिल्या गाड्यांच्या छोट्या बॅटऱ्या आता म्हाताऱ्या होण्याच्या वयात आल्या आहेत, म्हणून हा प्रश्न ओळखीपाळखीत बराच ऐकू यायला लागलाय.

गाडी मेलेली आहे आणि तुम्ही तिच्याशेजारी उभे आहात

कारणं नंतर. आधी आत शिरा.

स्मार्ट चावीच्या पोटात एक धातूची चपटी चावी असते. बाजूची खिटी सरकवली की ती निघते. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीत तिचं भोक असतं, काही गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. घरी निवांत असताना एकदा हे करून बघा. मी बघितलं नव्हतं. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल जवळ येत असताना, मोबाइलच्या उजेडात, अर्धी वाडी भोवती जमलेली असताना ती टोपी उचकटायला मला दहा मिनिटं लागली.

दुसरी गंमत. जम्पर केबल माझ्याकडे होत्या, पण डिकीत. डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बारा व्होल्ट नाहीत, म्हणजे डिकी उघडणार नाही. मागच्या सीटची पाठ पाडून, पुतण्याला आत सरपटत पाठवून केबल काढल्या. आता त्या पुढच्या सीटखाली असतात.

आमच्या गाडीची छोटी बॅटरीही डिकीतच, उजव्या बाजूच्या झाकणामागे आहे. पण जम्प द्यायला तिच्यापर्यंत जावं लागत नाही. अशा गाड्यांत बहुधा बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल टोपीखाली एक प्लसचं टोक काढून ठेवलेलं असतं. तुमच्या गाडीत ते कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. बॉनेट साध्या तारेवर उघडतं, तिथे अडत नाही.

एवढ्यात वाडीतली सात-आठ माणसं बाह्या सरसावून पुढे झालीच होती. “धक्को मारूया काय?” धक्क्यानं हायब्रिड सुरू होत नाही. मुळात ती पार्किंगमधून न्यूट्रलमध्येच येत नाही, कारण गिअरसुद्धा विजेच्या इशाऱ्यावर बदलतो. चुलतभावाचा यावर शेरा होता, “एवढी म्हाग गाडी, आणि तिका धक्को चलना नाय?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचीही सूचना आली. तेही करू नका. पुढची चाकं जमिनीवर फिरली की त्यांना जोडलेली मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, त्यातून नुकसान होऊ शकतं. न्यायचीच वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा सरळ सपाट ट्रकवर चढवून न्यायची.

जम्पची पद्धत नेहमीचीच. लाल केबल आधी आपल्या प्लसला, मग समोरच्या गाडीच्या प्लसला. काळी आधी समोरच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनजवळच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला. आम्ही शेजाऱ्यांचा छोटा हत्ती आणून लावला, पाचेक मिनिटं त्याचं इंजिन जरा वरच्या फेऱ्यांवर ठेवलं, मग ब्रेक दाबून बटण दाबलं. ‘रेडी’ आलं. केबल उलट्या क्रमानं काढल्या. लाल-काळ्याची अदलाबदल मात्र चुकूनही होऊ देऊ नका. साध्या गाडीत तेवढ्या चुकीला कधीकधी एखादा फ्यूज जाऊन निभावतं, इथे इलेक्ट्रॉनिक्सचं बिल येऊ शकतं. नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरी दिसतील, त्यांच्या वाटेला जायचंच नाही.

खरं तर छोट्या हत्तीएवढी ताकद लागतही नाही. हायब्रिडला हवा असतो थोडासाच करंट, पण नीट बारा व्होल्टचा. ग्लोव्ह बॉक्समध्ये मावणारा जम्प-पॅक पुरतो. उलटं मात्र करू नका, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जम्प देऊ नका. दुसऱ्याचा स्टार्टर एका झटक्यात जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला हिची छोटी बॅटरी आणि तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर बनवलेले नसतात. लोकांना वाटतं, एवढी मोठी बॅटरी असताना हा कंजूसपणा करतोय. करू द्या तसं वाटून.

पण एवढी मोठी बॅटरी असताना गाडी बंद का पडते?

हा प्रश्न विसर्जनाहून परतताना मला चौघांनी विचारला.

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी, मॉडेलनुसार पावणेदोनशे ते अडीचशे व्होल्टच्या घरातली, ती चाकं फिरवते आणि इंजिन सुरू करते. छोटी, साधी बारा व्होल्टची, ती गाडीचे संगणक, कुलपं, दिवे आणि रिले चालवते. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून रिलेनं तोडली जाते. ते रिले परत जोडायला लागतात बारा व्होल्ट, आणि ते येतात छोटीकडून. म्हणजे कोठारात धान्य भरलंय, पण किल्ली ज्या म्हातारीच्या कमरेला आहे तिला चक्कर आली तर घर उपाशी.

गाडी ‘रेडी’ असते तेव्हाच मोठी बॅटरी कन्व्हर्टरमार्फत छोटीला चार्ज करते. या गाड्यांना अल्टरनेटर नसतो. गाडी बंद असताना छोटी एकटी असते, आणि जे काही चालू राहिलं असेल ते तिच्याच पोटातून जातं.

आता खरी मेख. साध्या पेट्रोल गाडीची बॅटरी जायला लागली की महिनाभर आधी कळतं. सकाळी स्टार्टर कण्हतो, घर्र… घर्र… असं ओढत ओढत इंजिन उठतं, आपण म्हणतो, बॅटरी बघायला हवी. हायब्रिडमध्ये तो स्टार्टरच नाही. छोट्या बॅटरीकडे कुणी जोर मागतच नाही. ती निम्मी झाली, पाव झाली, तरी सकाळी गाडी पहिल्या दिवसासारखी निमूट ‘रेडी’ होते. आणि एका सकाळी होत नाही. मधली पायरीच नसते. म्हणून ही बॅटरी कानानं नाही, मीटरनंच तपासावी लागते.

फेब्रुवारीत मी ज्या मेकॅनिकला विचारलं त्यानं डॅशबोर्डवरचे दिवे बघून मोठी बॅटरी गेली असं सांगितलं आणि लाखांतला आकडा टाकला. कुणी असं म्हटलं तर घाबरू नका. बारा व्होल्ट कमी पडले की गाडीतले संगणक भ्रमिष्टासारखे वाटेल त्या तक्रारी करतात. आधी छोटी पूर्ण चार्ज करा, संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसा, मग कोणता दिवा परत येतो ते बघा. माझा एकही आला नाही. मोठ्या बॅटरीवर आपल्याकडे बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. छोटी त्यात धरत नाहीत.

अंगणातली मोजणी

चुलतभाऊ वायरमन आहे. विसर्जनानंतर गाडी अंगणात ‘रेडी’वर दीड तास ठेवली, आणि सकाळी चहा झाल्यावर तो मीटर घेऊन आला. कणकवलीच्या बाजारातला तीन-चारशेचा पिवळा मीटर, वायरींना चिकटपट्ट्या लावलेल्या. काम अचूक.

पहिली गोष्ट व्होल्टेज. गाडी रात्रभर स्वस्थ राहिलेली असावी, आणि बॉनेट उघडल्यावर थोडा वेळ थांबून टोकं लावावीत, कारण दार उघडताच गाडी जागी होते आणि आकडा खाली येतो. निरोगी बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. विसर्जनाच्या संध्याकाळी आमची ८.९ होती. मग गाडी ‘रेडी’ करून परत मोजा. १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा आला की कन्व्हर्टर ठीक आहे, चार्जिंग होतंय. आमचा १४.२ आला. याचा अर्थ, भरणाऱ्याची चूक नाही. बॅटरीही सात महिन्यांची. मग उरतं काय? कुणीतरी पितंय.

“चोर घरातच आसा,” असं म्हणत त्यानं डिकी उघडली.

पुढचा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांचं मोजमाप चुकतं. डिकी उघडी असताना गाडी झोपत नाही. त्यानं डिकीच्या कुलपाच्या जबड्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून खटका बंद स्थितीत फिरवला, गाडीला वाटलं झाकण लागलं. (संपल्यावर डिकीचं बटण दाबून खटका परत सोडवायचा, नाहीतर झाकण आपटून बसतं.) मग बॅटरीचं मायनस टोक सोडलं आणि टोक व बॅटरी यांच्यामध्ये मीटर घातला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा मध्ये असताना दार उघडायचं नाही आणि ‘रेडी’ तर मुळीच करायची नाही, मीटरचा फ्यूज जातो.

सुरुवातीला आकडा २.६ अँपिअर आला. मी घाबरलो. तो म्हणाला, “थांब जरा.” पाच मिनिटांत ०.९. बिडी ओढून झाल्यावर ०.४. अर्ध्या तासानं आकडा एका जागी टेकला: ०.३१.

झोपलेल्या गाडीचा खर्च साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असायला हवा. ०.३१ म्हणजे दिवसाला ७.४ अँपिअर-तास. बॅटरीवर लिहिलेलं होतं ४५. भागाकार करा. सहा दिवस. आणि आम्ही गावात सातव्या दिवशी होतो. दिवाळीतले नऊ दिवस, फेब्रुवारीतला आठवडा, सगळे हिशेब एका क्षणात जुळले.

मग एकेक फ्यूज काढून बघायचं, आकडा कशानं पडतो ते. पण फ्यूजचा डबा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ आणि दार उघडलं की गाडी जागी. भावानं वेगळी युक्ती केली. त्या दाराचा खटकाही त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवून ठेवला, मायनस टोक परत जोडलं आणि गाडी पुन्हा झोपू दिली. फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या बिंदूंना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टेकवला. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य, जात असेल तर एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसतात. शून्य, शून्य, ०.१, शून्य. एका १० अँपिअरच्या फ्यूजवर २.१. त्या फ्यूजला मागून एक लाल वायर जोडलेली होती, कंपनीची नव्हे.

ती डॅशकॅमची.

गाडी घेतली त्याच महिन्यात अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मी तो बसवून घेतला होता. दुकानदारानं उत्साहानं पार्किंग मोडही चालू करून दिला, गाडी उभी असताना कुणी घासून गेलं तर रेकॉर्ड व्हावं म्हणून. त्यासाठी वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवर घेतली. या डॅशकॅमना व्होल्टेज कमी झालं की स्वतःहून बंद होण्याची सोय असते. माझ्या कॅमेऱ्यात ती सेटिंग होती ११.६ वर. ११.६ ला बॅटरीत उरतं काय? कॅमेरा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा, मग सभ्यपणे बंद व्हायचा.

वायर काढली. मीटर ०.०३. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्याही आत. या हिशेबानं बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल.

यात एक मजेशीर व्यत्यय आला. आकडा ०.०३ वर स्थिर होता, आणि मध्येच उडी मारून वर जायचा, परत खाली यायचा. भाऊ चक्रावला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीला टेकून उभा, चावी खिशात. स्मार्ट चावी जवळ आली की गाडी तिच्याशी बोलायला लागते. “चावी आत ठेवून ये.” ठेवून आलो, उड्या थांबल्या. आणि मग आठवलं की गेले सात दिवस ती चावी पडवीतल्या खुंटीवर होती, गाडीच्या नाकापासून जेमतेम दीड मीटरवर. शिवाय डिकीतून सामान काढायला, मोबाइल चार्ज करायला, पोरांना गाणी ऐकायला दिवसातून वीस वेळा गाडी उघडली जात होती. चोर एक होता, पण त्याला साथीदार बरेच.

बाकीचे साथीदार

पोरांची गाणी हा त्यातला सगळ्यांत मोठा. ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दाबलं की स्क्रीन लागते, गाणी लागतात, गाडी चालूच आहे असं वाटतं. पण ‘रेडी’ हा शब्द लागलेला नसतो. म्हणजे मोठी बॅटरी तुटलेलीच आहे आणि सगळा खर्च छोटीवर. तासभर गाणी ऐकली तर बॅटरीचा चांगलाच घास जातो. घरातल्या सगळ्यांना एकच नियम शिकवून ठेवा: गाडीत बसून काहीही करायचं तर ब्रेक दाबूनच बटण. तसं केलं की एसीसुद्धा खुशाल चालवा, इंजिन लागेल तेव्हा आपणच सुरू होईल आणि बंद होईल. फक्त बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात हे करू नका, आपोआप सुरू होणाऱ्या इंजिनाचा धूर जिवावर बेततो.

याच्या अगदी उलटही होतं. हायब्रिड इतकी शांत की ती चालूच आहे हे विसरून माणूस उतरतो. आमच्या सासऱ्यांनी एकदा गाडी ‘रेडी’वर ठेवून शेडमध्ये सोडली, चावी घेऊन घरात गेले. गाडी पिप-पिप करत होती, त्यांना वाटलं रिक्षा मागे येतेय. रात्री अकराला इंजिन स्वतःहून सुरू झालं आणि शेजारचे चोर आला म्हणून काठ्या घेऊन बाहेर. बॅटरीला त्यानं काही झालं नाही. सासऱ्यांच्या अब्रूला झालं.

सॉकेटमध्ये किंवा ओबीडीच्या खाचेत (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ती) लावलेले ट्रॅकर, डिकीचा अर्धवट लागलेला दरवाजा आणि त्यामुळे रात्रभर जळणारा दिवा, बाहेरून बसवलेले जादा हॉर्न आणि दिवे, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. रोजचं तीन-चार किलोमीटरचं ऑफिस हेही एक कारण. तेवढ्या वेळात खर्च झालेलं पुरतं भरून येत नाही आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

मी काय केलं

डॅशकॅमची वायर पुण्यात परतल्यावर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर घेतली. पार्किंग मोड गेला. मला चालेल. तुम्हाला तो हवाच असेल तर कॅमेऱ्याची बंद होण्याची मर्यादा १२.४ला चढवा, किंवा कॅमेऱ्यासाठी वेगळा छोटा बॅटरी-पॅक मिळतो तो घ्या.

गावाहून निघताना मात्र बॅटरी अजून भुकेलीच होती. पूर्ण उतरलेली बॅटरी तासाभराच्या ड्राइव्हनं भरत नाही, तिला कित्येक तास लागतात. म्हणून सावंतवाडी, आंबोली, आजरा करत निपाणीला हमरस्त्याला लागेपर्यंत गाडी बंदच केली नाही. आंबोलीला चहासाठी थांबलो तेव्हा एक जण आत बसून, गाडी ‘रेडी’. (उतरताना नाही, चढताना होतो म्हणून बरं. आंबोली उतरताना मोठी बॅटरी भरून जाते, मग गाडी जास्तीची शक्ती इंजिन फिरवून घालवते आणि ते मोठ्यानं ओरडायला लागतं. तो बिघाड नाही. लोक त्यालाही बॅटरी गेली म्हणतात.) घरी आल्यावर बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली.

चार्जर घेताना बॅटरीचा प्रकार बघा. ज्या गाड्यांची छोटी बॅटरी डिकीत किंवा केबिनमध्ये असते तिथे बहुतेकदा एजीएम जातीची (ॲसिड आत शोषून ठेवणारी, बंदिस्त) असते आणि तिला वायू बाहेर सोडणारी एक बारीक नळी असते. चार्जरवर एजीएमची सोय हवी. बॅटरी बदलताना दुकानदार ‘साधी बसते की’ म्हणतो, बसतेही, पण केबिनमध्ये साधी ॲसिडची बॅटरी नको. आणि नळी परत लावलीय का ते स्वतः वाकून बघा. फेब्रुवारीत माझी बदलताना ती लोंबकळत ठेवली होती, भावाच्या नजरेला पडली.

एक जमेला धरायला हवं: प्रत्येक वेळी बॅटरी पूर्ण उतरली की तिची धारणक्षमता थोडी कायमची जाते. माझी नवी बॅटरी सात महिन्यांत एकदा तळाला गेली, तेव्हा ती आता ४५ ची राहिलेली नाही. दोनदा-तीनदा गेली असेल तर चोर पकडल्यावरही बॅटरी बदलावीच लागेल. फक्त क्रम उलटा करू नका.

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर

२०२०च्या टाळेबंदीत हायब्रिडवाल्यांना हा धडा एकदम मिळाला. आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’ ठेवा, शक्यतो चालवून आणा. नुसतं पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यानं भागत नाही, तेवढ्या वेळात बॅटरीत फारसं काही भरत नाही. प्लग जवळ असेल तर बारीक करंटचा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवता येतो, पण आपल्या सोसायट्यांत पार्किंगला प्लग म्हणजे वार्षिक सभेत भांडणाचा विषय. तीन आठवड्यांहून जास्त परदेशी जाणार असाल तर मायनस टोक सोडून जा. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांचं एका स्पर्शात वर जाणं परत शिकवावं लागतं, बाकी फारसं काही नाही. बॅटरी डिकीत असेल तर टोक सोडल्यावर डिकी दाबून लावण्याआधी क्षणभर विचार करा की ती परत कशी उघडणार आहात.

आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या सकाळी, गाडी उघडण्याआधी नव्हे, उघडून थोडं थांबून, व्होल्टेज मोजा. १२.४च्या खाली असेल तर गावी सात दिवस गाडी उभी ठेवण्याच्या भानगडीत पडण्याआधी रात्रभर चार्ज करा.

त्यानंतर माघी गणपतीला परत गावी गेलो होतो, पाच दिवस. चावी या वेळी मागच्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर. निघायच्या सकाळी भाऊ विचारल्याशिवायच मीटर घेऊन आला. १२.५. त्यानं मान हलवली आणि विचारलं, “आता धक्को मारूचो लागना नाय मां?”